वाचलेल्यांची फेरी

रविवार, २१ डिसेंबर. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे खाडीला पाणी भरपूर. भरती दुपारी, जेवणाच्या वेळेला.

होडीघरात हजर: इस्माईलभाई मासळीवाले. स्टँडवरचा रिक्षावाला संतोष. वडापावच्या गाडीवरच्या मंदाताई. एक किराणावाला, एक पेन्शनर. फ्लेमिंगोंचे फोटो काढणारी ऋचा. आमच्या जतन समितीची अध्यक्ष अनघा, व्यवसायाने आर्किटेक्ट. मी, समितीची चिटणीस. आणि काकांचा मुलगा दिनेश, पाण्यात जाणाऱ्या उताराच्या वरच्या टोकाला, पायात बूट घालून.

गैरहजर: काका.

हजेरी घ्यायची मला सवय आहे, पण हा शब्द त्यांच्या नावापुढे मी पहिल्यांदाच लिहिला. आम्ही वेळेवर पोचलो तरी ते आधीच येऊन बसलेले असत आणि आम्हालाच उशीर झाल्यासारखं बघत. गणपतीनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्याविषयी लिहायचं काम समितीने माझ्याकडे दिलं, कारण इतिवृत्त मी लिहिते. मी कुणाला पटकन मोठं म्हणणारी बाई नाही. तरी या माणसाबद्दल लिहिताना हात जरा जपूनच चालतो आहे.

काका पनवेलमधले माझे पहिले घरमालक. विचुंब्याला त्यांची इमारत होती, आणखीही दोन-तीन असाव्यात. घराणं मूळ मिठागरांवर राबलेलं. पुढे जमिनींना भाव आले आणि घराचं रूप पालटलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, दारात मोठी गाडी. असे शेठ आमच्या भागात गल्लोगल्ली भेटतात. म्हणून घर बघायला जाताना मी ओळखपत्र, फोटो, पगाराचे कागद असं सगळं क्रमाने लावलेली फाइल घेऊन गेले. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. विचारलं, "पवायला येतं?"

मी नाही म्हणाले. नवऱ्याकडे वळून त्यांनी तेच विचारलं. तो म्हणाला, थोडंसं येतं.

"थोडंसं येतं तोच बुडतो," काका म्हणाले. आत गेले, काथ्याच्या दोराचं एक वेटोळं घेऊन आले आणि माझ्या फाइलवर ठेवलं. घर मिळालं होतं. दोर दारामागच्या खुंटीला लावायचा, एवढी एकच अट.

भाडं बँकेत जमा होई, त्यासाठी ते कधी आले नाहीत. आले ते दोर जागेवर आहे का बघायला. एकदा मी वैतागून विचारलं, की दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला दोर कशाला? ते चप्पल घालता घालता म्हणाले, "दोर सोतासाठी नसतो, बाय."

दुसरा नियम गाड्यांचा. इमारतीच्या आवारात प्रत्येकाने गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची. कुणी घाईत उलटी लावली की काका खाली उभे राहून त्या माणसाच्या नावाने हाका मारत, आणि तो अर्धवट दाढी केलेला खाली येऊन गाडी फिरवीपर्यंत हलत नसत. स्वतःची गाडीही ते असंच मागे मागे नेत लावत. लग्नाच्या हॉलवर, दवाखान्यात, देवळासमोर, कुठेही. आम्हा भाडेकरूंत यावर पुष्कळ चेष्टा चाले. आमच्या खालचे गृहस्थ म्हणायचे, काकांचं घर बघून या, पलंगसुद्धा तोंड दाराकडे करून लावला असेल. मी एकदा सत्यनारायणाला गेले तेव्हा आत डोकावून बघितलं. खरंच तसाच होता.

या सगळ्याचा उगम होडीघरात आहे हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी काकांचं घर सोडून जवळच स्वतःचा फ्लॅट घेतला होता.

होडीघर म्हणजे खाडीच्या काठावरची दगडी भिंतींची, कौलारू शेड. समोर पाण्यात उतरत गेलेला फरसबंदी उतार. आत एक लांब, रुंद पोटाची लाकडी होडी, तोंड पाण्याकडे. दाराशी आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. जुन्या काळी पनवेलचं बंदर चालतं होतं, मिठाचे पडाव आणि माणसांचे मचवे जा-ये करीत, तेव्हा खाडीच्या तोंडाशी काही उलटलं तर माणसं काढायला म्हणून ही होडी इथे ठेवलेली. ठेवली कुणी, कधी, यावर काकांकडे दरवेळी वेगळी गोष्ट असे. कधी बंदर खात्याच्या गोऱ्या साहेबाची मडम बुडता बुडता वाचली म्हणून, कधी गावकीने वर्गणी काढली म्हणून. मग बंदरात गाळ भरला, रस्ते आणि पूल झाले, खातं निघून गेलं. शेड ज्या जमिनीवर होती ती काकांच्या घराण्याची होती, त्यामुळे ती आणि तिच्यातली होडी त्यांच्याकडे राहिली. होडीचा प्रमुख तो तांडेल. काकांचे वडील तांडेल होते, नंतर काका.

ही वास्तू जपायला हवी असं अनघाच्या मनात आलं आणि तिने समिती काढली. चिटणीस म्हणून मला धरलं, कारण मला कागद हरवता येत नाहीत. माहितीफलकाचा मजकूर तयार करायचा होता. मी काकांसमोर बसले आणि स्थापनेचं साल विचारलं. त्यांनी तीन सालं सांगितली आणि तिन्ही नको म्हणाले.

"कवा सुरू झालं ते नको लिवू. बंद झालं नाय, एवढं लिव."

मी म्हटलं, फलकावर असं कसं लिहिणार? ते म्हणाले, मोठ्या अक्षरांत. शेवटी तसंच लिहिलं. खाली अनघाने बारीक अक्षरांत वास्तूची माहिती दिली.

अनघाशी त्यांचं एकच भांडण झालं, पण ते महिनाभर पुरलं. लोक येणार रस्त्याकडून. दारातून आत आलं की समोर दिसणार होडीचा पार्श्वभाग. अनघाचं म्हणणं, होडी फिरवून तोंड दाराकडे करू; पुढची कमानदार लाकडं हेच तर तिचं सौंदर्य आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं, मी फोटो काढून पाहिले होते. कामगार बोलावले, होडी फिरवली. काका आले.  उतारावर, जिथे पूर्वी होडीचं तोंड असायचं, त्या जागी मांडी घालून बसले. दुपारी घरून डबा आला तो परत पाठवला. अनघाने त्यांना समजावलं, की काका, ही आता प्रदर्शनाची वस्तू आहे, माणसं बघायला येतील. काका म्हणाले, "बघू देत की. होडी जातानी तिची मागचीच बाजू दिसते. जातानी बघा."

संध्याकाळी होडी पुन्हा फिरवली. पण अनघाही हार मानणारी नव्हे. तिने पाण्याच्या बाजूला, दाराच्या वर, तिरपा मोठा आरसा लावून घेतला. आता आत येणाऱ्याला होडी मागून दिसते आणि आरशात पुढून. काकांना तो आरसा इतका आवडला की रोज सकाळी ते त्यात बघून भांग पाडू लागले. होडीच्या फळ्या सुकून फटी पडू नयेत म्हणून रोज तिच्यात खाडीचं पाणी टाकावं लागतं, ते टाकायला ते येत. पाणी टाकायचं, मग भांग पाडायचा. आरशावर तेलाचे डाग पडतात म्हणून अनघा रागवायची.

आता ते, ज्यासाठी मी हे लिहिते आहे.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी शेडची मापं घ्यायला गेले होते. वास्तू जतनाच्या प्रस्तावाला नकाशा जोडायचा होता. काका होडीला पाणी पाजत होते. एक माणूस धावत आला आणि म्हणाला, खाडीच्या पलीकडच्या चिखलात कॅमेरेवाली पोरं अडकली आहेत. फ्लेमिंगो बघायला ओहोटीत आत गेली होती, आता भरती चढते आहे, कंबरेपर्यंत रुतलीत. मी फोन काढला, अग्निशमन दलाला लावला. ते येतो म्हणाले. मी काकांना तसं सांगितलं. काका रुळाच्या तुकड्यावर घण मारत होते.

"त्यांची बोट येईल ती येउं दे," ते म्हणाले. "आमी तवर जाताव."

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. देवळाच्या घंटेसारखा नाही, कोरडा, कानात ठणकणारा. आणि मग माणसं येताना पाहिली. इस्माईलभाई बाजारातून थेट, दंडापर्यंत खवले चिकटलेले. संतोष रिक्षा रस्त्यातच सोडून; आत बसलेली बाई, पैसे घेता का नाही, असं ओरडत होती. मंदाताईंच्या हाताला बेसन. एक पायजम्यातले पेन्शनर. एक किराणावाला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. भिंतीवरची नारिंगी जॅकेटं अंगात चढवली, होडीतलं पाणी ओतून दिलं, आणि ज्याला जे वल्हं जवळ पडलं त्यावर तो बसला. तोंड पाण्याकडेच होतं, त्यामुळे एकदाच ढकलायची होती. काका सुकाणावर उभे. इस्त्रीचा शर्ट, सोन्याची साखळी, अनवाणी पाय. मला त्यांनी दोर धरून पुढे बसवलं, कारण माझे हात रिकामे होते.

चिखलात माणूस काढताना हात धरून ओढायचं नसतं, ओढणाराही रुततो. काकांनी होडी जवळ नेली, रुंद फळ्या टाकायला लावल्या आणि पोरांना सांगितलं, पोटावर आडवे व्हा. एकजण कॅमेरा सोडेना. काका म्हणाले, पाठीवर घे त्याला, लेकरागत. एक मुलगी मात्र गोठल्यासारखी झाली होती. पाणी तिच्या छातीशी आलं होतं आणि ती नुसती आमच्याकडे बघत होती. मी तिला विचारणार होते, नाव काय तुझं. काकांनी माझा खांदा दाबला. आणि अगदी सावकाश, कट्ट्यावर बसून गप्पा माराव्या तशा आवाजात तिला विचारलं, "सकाली काय खाल्लंस गं?"

ती म्हणाली, नूडल्स.

"त्यानं काय हुतंय? भाकर खावी. भाकर आवडते का नाय?"

ती म्हणाली, आवडते. आणि तिने हात पुढे करून फळी धरली.

ती ऋचा. तिला आणि इतर दोघांना काठावर आणल्यावर काकांनी मला कारण सांगितलं. घाबरलेल्या माणसाला नाव विचारलं की त्याला घर आठवतं, आईबाप आठवतात, मग तो हातपाय गाळतो. जेवणाचं विचारलं की त्याला पोट आठवतं, आणि पोट माणसाला जगायला लावतं. म्हणून या होडीत नाव विचारायचं नाही. काठाला लागेपर्यंत प्रत्येकजण फक्त माणूस. हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम होता.

दुसरा नियम मला इस्माईलभाईंनी सांगितला. वाचलेल्या माणसाने एकदा परत यायचं आणि वल्ह्यावर बसून खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारायची. ती फेरी झाली की सुटका पुरी झाली; तोवर खाडीचा अर्धा हक्क राहतो, असं गाव मानतं. बहुतेक लोक एका फेरीने थांबतात. काहीजण पुन्हा येत राहतात. तेव्हा मी त्या सकाळी होडीत बसलेल्यांची नावं एकेक करून विचारली. संतोष पुराच्या नाल्यातून काढलेला. मंदाताई लग्नाच्या वऱ्हाडाचा मचवा उलटला त्यातल्या. किराणावाला, पेन्शनर, सगळे कधीतरी याच होडीत चढवलेले. पगारी कुणी नाही, नेमलेला कुणी नाही. ती अख्खी होडी वाचलेल्यांनी चालवलेली होती.

मी तिथे मापाची फीत हातात घेऊन उभी होते. शेडची लांबी काय, रुंदी काय, हे लिहून घ्यायला आले होते. त्या दिवशी नकाशा पुरा झाला नाही.

पुढच्या रविवारी ऋचा फेरीला आली. बरोबर आई, आईबरोबर लाडू. तिचं वल्हं पाण्यात कमी आणि हवेत जास्त फिरत होतं. काका सुकाणावरून तिची टर उडवत होते, की खाडीला वारा घालतेस काय. काठाला लागल्यावर मात्र त्यांनी तिला पहिल्यांदा विचारलं, "आता सांग, नाव काय तुजं?"

दिनेशबद्दल मला सगळं माहीत आहे असं मला वाटत असे. तो बिल्डर, माझ्याच वयाचा, बोलायला गोड. समितीला त्याने कधी नाही म्हटलं नाही. शेडची जमीन त्याने लिहून दिली. जॅकेटं दरवर्षी नवी पाठवायचा. कौलं त्याने बदलून दिली, दिवे दिले. पण होडीघरात आला की उताराच्या वरच्या टोकाला उभा राहायचा. बूट काढायचा नाही. काका त्याच्याशी बोलायचे ते कौलांबद्दल, जॅकेटांबद्दल. मला वाटायचं, बाप-लेकांत जमिनीचं काही असेल. आमच्याकडे बहुतेक ते असतंच.

खरं काय ते इस्माईलभाईंनी सांगितलं, मासळी तोलता तोलता. दिनेश शाळेत असताना मित्रांबरोबर उघाडीवर पोहायला गेला. खारजमिनीच्या बांधाला भरतीचं पाणी अडवायला दार असतं, ती उघाडी. ओहोटीच्या ओढीने त्याला दारातून बाहेर खाडीत फेकलं. रूळ वाजला, होडी निघाली. "मी तेव्हा तरणा होतो," इस्माईलभाई म्हणाले. "लांबून ओळखलं मी, तांडेलचाच पोरगा. मागे वळून बघितलं. तांडेलनेपण ओळखलं होतं. पण त्यांचा आवाज बिलकूल बदलला नाही. वल्ह्याची लय तीच. आणि पोराजवळ पोचल्यावर त्याला तेच विचारलं, जे सगळ्यांना विचारतात. केसांना धरून मी काढला त्याला. अल्लाची मेहेरबानी."

त्यानंतर दिनेश फेरीला आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. पाण्याला पायसुद्धा लावला नाही. आणि ही होडी ज्याच्या हाती द्यायची तो वाचलेला असावा आणि त्याची फेरी झालेली असावी, हा तिसरा नियम. काकांच्या मनात मुलाशिवाय दुसरं नाव नव्हतं.

एकदा होडीघरासाठी उभारायच्या कमानीबद्दल बोलताना मी दिनेशला सरळच विचारलं, फेरीला का येत नाही? मी आडून विचारू शकत नाही. तो हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाला, "मॅडम, मी मरत होतो आणि माझा बाप मला विचारत होता, जेवलास काय. जसा मी कोणी रस्त्यावरचा. एकदा नावाने हाक मारली असती तर चाललं असतं." आणि लगेच कमानीच्या दगडाचे नमुने दाखवायला लागला.

कमान ही त्याचीच कल्पना होती. होडीघराच्या रस्त्याला मोठी दगडी कमान, वर काकांचं नाव. यंदाच्या पावसाळ्यात, एका उघडिपीच्या दुपारी, तिचं चित्र घेऊन मी काकांकडे गेले. ते शेडबाहेरच्या बाकावर बसले होते. तेव्हा त्यांना धाप लागायला लागली होती, होडीला पाणी आता संतोष टाकत असे. चित्र त्यांनी लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. छान हाय म्हणाले. मग परत दिलं.

"त्याला सांग, कमान नको. मना एक मानूस हवा."

मी म्हटलं, काका, तुम्हीच सांगा की त्याला. तो तुमच्या एका शब्दासाठी थांबलाय इतकी वर्षं. आणि त्याने मला जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं त्यांना सांगितलं. हाक मारली असती तर चाललं असतं, हेसुद्धा.

त्यांनी पाण्याकडे बघितलं. ओहोटी होती, चिखलात खेकडे फिरत होते. मग उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला, ज्या हाताने सुकाण धरायचे तो.

"नाव घेतलं असतं तर यो हात हालला असता," ते म्हणाले. "हात हालला असता तर होडी त्याच्यावर गेली असती."

मी कमानीचं चित्र दुमडून पिशवीत ठेवलं. मग म्हटलं, हे त्याला सांगते. ते म्हणाले, मी हाय तवर नको. त्याला वाटेल, बाप फेरीसाठी गळ घालतो.

म्हणून मी थांबले. गणपती आले, गेले. काका गेले. दिवसकार्याच्या गर्दीत दिनेशला एकटं गाठता येईना. आणि वर्षाची मोठी फेरी डिसेंबरात असते, समुद्र शांत असतो तेव्हा. त्या वर्षात वाचलेले आणि आधीचे, सगळे मिळून होडी काढतात. तो रविवार म्हणजे २१ डिसेंबर.

होडी पाण्यात उतरली. वल्ह्यांवर सगळे बसले. सुकाणाची जागा रिकामी होती. मी इस्माईलभाईंना म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, माझी जागा वल्ह्यावर. हाळी आली, कोणी बुडत असलं, तर जाऊच आम्ही, मग सुकाण कोणीही धरेल. "पण फेरी निघायची ती तांडेलच्या हाताने," ते म्हणाले. "नाहीतर ही नुसती बघायची होडी झाली, बेटा." एक वल्हंही त्यांनी मोकळं ठेवलं होतं; त्यावर बसणारा आला, तर तेवढ्या एका फेरीपुरतं सुकाण ते धरणार होते. ते कुणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

मी उतार चढून दिनेशकडे गेले आणि काकांचं बोलणं त्याला सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. तो ऐकताना फोनवर बोट फिरवत होता. माझं झालं तेव्हा त्याने विचारलं, "कधी म्हणाले?" मी सांगितलं, पावसाळ्यात, या बाकावर. "हात हलला असता, असं म्हणाले?" मी हो म्हटलं. "माझ्यावर गेली असती?" मी पुन्हा हो म्हटलं.

त्याने फोन बंद केला. खाली बसून बूट काढले, मोजे आत कोंबले, फोन त्यावर ठेवला. पँट दुमडली. आणि उतार उतरायला लागला, बाजूच्या भिंतीला धरून, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. पाणी घोट्याला लागलं तेव्हा थांबला. पुन्हा निघाला. गुडघ्यापर्यंत पाण्यात जाऊन त्याने होडीच्या काठावर हात ठेवला. इस्माईलभाईंनी मोकळ्या वल्ह्याची मूठ त्याच्याकडे वळवली.  मंदाताईंनी सरकून जागा केली. भरतीचं पाणी येत होतं आणि त्याच्या हाताखाली होडी वर-खाली होत होती, श्वास घेतल्यासारखी. तो बराच वेळ तसा उभा होता. मग म्हणाला, "आज नको, इस्माईलचाचा." आणि परत वर आला.

इस्माईलभाईंनी मूठ आत घेतली. पाणी ओसरायला लागेपर्यंत सगळे होडीत तसेच बसून राहिले, दोर किनाऱ्याला बांधलेला. ऋचाच्या आईचे लाडू तिथेच हातोहात फिरले. मग होडी आत घेतली.

त्या आठवड्यात दिनेशचा मला दोनदा फोन आला. पहिल्यांदा त्याने विचारलं, की दुपारची भरती पुन्हा कुठल्या रविवारी आहे. मी पंचांग बघून सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं, खाडीच्या तोंडाशी खोल किती असतं. मला माहीत नव्हतं.

रविवार, ४ जानेवारी. हजर: वरील सर्व. दिनेश न बोलावता आला, अनवाणी. कमरेपर्यंत पाण्यात गेला. एक पाय होडीत टाकला, काढून घेतला.

पुढची दुपारची भरती १८ तारखेला. होडी काढायची आहे. दिनेशची फेरी बाकी.